गाण्यातलं विन्स्लो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ईगल्स या अमेरिकी रॉक बँडच्या ‘टेक इट ईझी’ या गाण्यात अ‍ॅरिझोनातल्या विन्स्लो गावचा कोपरा येतो. नेमका कुठला?

उत्तर : गाण्यात गावाचं नाव आहे, रस्त्याचं नाही. गाणं १९७२चं. ते लिहिताना गीतकार जॅक्सन ब्राऊन दुसऱ्या कडव्यात अडला होता, ते ईगल्सच्या ग्लेन फ्रायने पुरं केलं. त्यातली फोर्ड गाडीतल्या मुलीची ओळ फ्रायचीच. आज दाखवतात तो सेकंड स्ट्रीट आणि किन्स्ली अव्हेन्यूचा कोपरा, तिथलं छोटंसं उद्यान १९९९ साली झालं. त्याआधी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि गावातून जाणाऱ्या रूट ६६ या जुन्या महामार्गावरची गिऱ्हाइकी आटली होती. गावाने या गाण्याच्या आधाराने पुन्हा उभारी धरली, म्हणून हा कोपरा आम्हाला बनावट वाटत नाही.

प्रश्न : तिथे पाहायचं काय? फोटो कसा घ्यावा?

उत्तर : गिटार घेतलेल्या तरुणाचा ब्राँझचा पुतळा रॉन अ‍ॅडमसन यांचा, ग्लेन फ्रायचा पुतळा २०१६मध्ये आला. मागच्या भिंतीवरच्या खिडक्या खऱ्या नाहीत, जॉन प्यू यांनी रंगवलेल्या आहेत. खालच्या काचेत लाल फोर्डचं ‘प्रतिबिंब’ दिसतं. वरच्या मजल्यावरचा गरुड बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण सगळे पुतळ्याशीच थांबतात. भिंतीमागची इमारत २००४च्या आगीत गेली, भिंत तेवढी वाचली. चौकात रस्त्यावर रूट ६६चं मोठं चिन्ह रंगवलेलं आहे. त्यावर उभं राहण्याआधी वाहनं पाहा. रस्ता वाहता आहे.

प्रश्न : अर्ध्या तासात गाव उरकतं, असं ऐकलं. मुक्काम करावा का?

उत्तर : करावा, आणि तो ला पोसादा हॉटेलसाठी. मेरी कोल्टर या वास्तुरचनाकाराने रेल्वेप्रवाशांसाठी हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीसाठी आखलेली ही वास्तू १९३० साली, ऐन मंदीच्या तोंडावर उघडली. १९५७मध्ये बंद पडून रेल्वेची कचेरी झाली. १९९७नंतर नव्या मालकांनी ती जीर्णोद्धार करून पुन्हा हॉटेल म्हणून सुरू केली. एक बाजू रुळांकडे तोंड करून आहे, कारण पाहुणे रेल्वेनेच यायचे. आजही शिकागो–लॉस एंजेलिस ‘साऊथवेस्ट चीफ’ ही रेल्वेगाडी इथेच थांबते, दोन्ही दिशांना दिवसाला एकेक. पूर्वेकडे जाणारी पहाटे येते, म्हणून त्या गाडीने निघणाऱ्याने आदल्या रात्री इथेच राहावं. कोपऱ्यापासून हॉटेल चालत दहा मिनिटांच्या आत.

प्रश्न : जवळ उल्काविवर आहे ना?

उत्तर : पश्चिमेला महामार्गाने सुमारे ३० किलोमीटर, मग २३३ क्रमांकाच्या फाट्यावरून दक्षिणेला आणखी १० किलोमीटर. व्यास सुमारे १.२ किलोमीटर, खोली १७० मीटर, वय सुमारे ५०,००० वर्षं. जागा खासगी मालकीची असल्याने राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही; इथे अनेकांची फसगत होते. दुसरी गफलत घड्याळाची : अ‍ॅरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, पण उत्तरेला लागून असलेल्या नावाहो या मूलनिवासी जमातीच्या प्रदेशात पाळतात. उन्हाळ्यात तिकडून येताना फोन तासाभराने पुढे असू शकतो. विन्स्लोजवळच होमोलोव्ही इथे होपी या मूलनिवासी जमातीच्या पूर्वजांच्या वस्त्यांचे अवशेष आहेत. तिथली खापरं पाहावीत, उचलू नयेत, तो गुन्हा आहे.