तिजोरीत खडखडाट

एका वाचक भगिनींचा प्रश्न: "बर्लिनच्या 'ट्रेझर' या स्वतंत्र लेबलचं नवं टेक्नो मी नेमाने ऐकते. त्यावर मराठीत लिहायचं आहे. 'लेबलने नवा ट्रॅक प्रदर्शित केला' हे बरोबर आहे का? आणि 'लेबल'ला मराठीत काय म्हणावं?"

पहिल्याचं उत्तर: नाही, नाही आणि नाही. 'प्रदर्शित'मध्ये 'दृश्' धातू ठाण मांडून बसला आहे. जे डोळ्यांना दाखवायचं ते प्रदर्शित होतं. सिनेमा होतो, चित्रं होतात, कृषी मेळाव्यात नांगरसुद्धा होतो. कानांनी ऐकायची चीज प्रदर्शित कशी होईल? तरी रोज वाचतो: 'बहुप्रतीक्षित गाणे प्रदर्शित'. यावर एक बचाव तयार असतो, की गाण्याबरोबर व्हिडिओही येतो ना. मग व्हिडिओ प्रदर्शित झाला म्हणा. टेक्नोला, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या त्या नाचाच्या संगीताला, बहुतेक वेळा व्हिडिओ नसतो, गायक नसतो, कधीकधी मुखपृष्ठही नसतं. (आणि त्याला 'गाणं' म्हणू नका. 'ट्रॅक'च राहू द्या.) 'विमोचन' हिंदीवाल्यांना लखलाभ. 'लोकार्पण' पुलांसाठी राखून ठेवा.

मराठीत यासाठी क्रियापद आधीपासून आहे, तेही दोन अक्षरी धातूचं: निघणे. आणि त्याचं सकर्मक भावंड काढणे. दिवाळी अंक निघतो, मासिक काढतात, पूर्वी रेकॉर्ड निघायची, मग कॅसेट निघाली. 'त्यांची नवी तबकडी निघाली' या वाक्यात काय कमी आहे? तबकडीबद्दल थोडं: तबक हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ ताट. त्याला 'डी' लावून आपण ग्रामोफोनची रेकॉर्ड केली आणि पुढे तीच आकाशात उडवली. डिजिटल फाइलला तबकडी म्हणवत नसेल तर 'नवं संगीत निघालं' म्हणा. पण निघू द्या हो, प्रदर्शित करू नका.

लेबल. याला कुणी 'नाममुद्रा' सुचवतं, कुणी 'ध्वनिमुद्रण संस्था'. दुसरा शब्द तर चुकीचाच आहे, कारण लेबल ध्वनिमुद्रण करेलच असं नाही. टेक्नोत तर कलाकार घरीच मुद्रण करून पाठवतो. लेबल निवडतं, मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) करून घेतं, तबकडी दाबून आणतं, तिच्यावर क्रमांक घालतं आणि विकतं. आपल्याकडे याला सरळ 'कंपनी' म्हणत. बाजारातला शब्द हवा असेल तर 'छाप' आहे, घोडा छाप, सूर्य छाप मधला. 'अमुक छापाची तबकडी' हे मला आवडतं, पण आग्रह नाही. 'लेबल' ठेवलं तरी चालेल. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कापडाची पट्टी असा होता, आणि त्याचा आजचा फ्रेंच नातलग 'लांबो' म्हणजे चक्क चिंधी. तेव्हा 'लेबल' म्हणजे फार प्रतिष्ठित काही, अशी समजूत करून घेऊन त्याला संस्कृत शालजोडी पांघरण्याची गरज नाही.

'टेक्नो'चं मात्र भाषांतर करू नका. 'तंत्रसंगीत' हा शब्द मी दोनदा छापून आलेला पाहिला आणि दोन्ही वेळा मला तांत्रिक, कवटी आणि स्मशान आठवलं. उलट टोकाची मंडळी धडधडणाऱ्या कशालाही टेक्नो म्हणतात. मिरवणुकीत वाजतो तो टेक्नो नव्हे. कोल्हापूर-सांगलीकडे त्याला 'डॉल्बी' म्हणतात, इतरत्र 'डीजे', आणि आपल्याकडे डीजे हा माणूस नसून स्पीकरची भिंत असते. टेक्नो हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या काळ्या तरुणांनी घडवलेलं एक ठरावीक संगीत आहे. ह्वान अ‍ॅटकिन्सने 1985 मध्ये 'मेट्रोप्लेक्स' हे स्वतःचं लेबल काढलं (पाहा, 'काढलं'!). डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या त्याच्या मित्रांनीही मागोमाग आपापली काढली. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये एक संकलन निघालं. त्याच्या नावात आधी 'हाउस' (नाचाच्या संगीताचा दुसरा एक प्रकार) येणार होतं, ते अ‍ॅटकिन्सच्या ट्रॅकमुळे 'टेक्नो' झालं आणि नाव चिकटलं. अ‍ॅटकिन्सला तो शब्द अ‍ॅल्विन टॉफलर या भविष्यवेधी लेखकाच्या लिखाणातून सापडला होता. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. 'टेक्नो'च्या तळाशी ग्रीक 'तेख्ने' आहे, तिचा सख्खा 'तेक्तोन' म्हणजे सुतार, आणि त्याचा संस्कृत भाऊ 'तक्षन्', तोही सुतारच. संस्कृतातला 'क्ष' प्राकृतात 'च्छ' होऊन मराठीत 'स' किंवा 'श' होतो: कुक्षीची कूस झाली, मक्षिकेची माशी झाली. तसंच 'तक्ष्'चं झालं तासणे. म्हणजे टेक्नो आणि तासणे एकाच घरचे! आणि हे नुसतं शब्दांचं नातं नाही. त्या यंत्रांचं काम बघा. सिंथेसायझर आधी एक भरगच्च लहर काढतो, तिचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो म्हणून तिला नावही करवतीचंच आहे. मग फिल्टर त्यातले नको ते सूर छाटत जातो. करवत आणि तासणी! 'तंत्रसंगीत'वाल्यांनी हे आधी वाचावं.

पण मला बोलायचं होतं ते वेगळ्याच गोष्टीवर. तुमच्या प्रश्नातला खरा खजिना तुम्ही सहज लिहून टाकलेल्या एका शब्दात आहे, आणि तो तुम्ही चुकीचा लिहिला आहे. 'ट्रेझर' नव्हे. ते लेबल जर्मन आहे, नाव 'ट्रेझोर', शेवटचा 'ओ' दीर्घ. अर्थ खजिना नाही. त्याचा अर्थ तिजोरी!

ही नावाची हौस नव्हे. बर्लिनच्या लाइपत्सिगर रस्त्यावर वेर्टहाइम नावाचं प्रचंड मोठं दुकान होतं. नाझींनी ते त्याच्या ज्यू मालकांकडून हिसकावलं, युद्धात त्याची पडझड झाली, पुढे उरलेली इमारतही पाडली, पण तळघरातली तिजोरीची दालनं जमिनीखाली तशीच राहिली. वर बर्लिनच्या भिंतीलगतची ओसाड पट्टी. भिंत पडल्यावर दिमित्री हेगेमान आणि साथीदारांना ते तळघर सापडलं: जाड दरवाजे, लोखंडी गज, गंजलेल्या लॉकरच्या रांगा. मार्च 1991 मध्ये तिथे क्लब उघडला आणि नाव दिलं ट्रेझोर. त्याच वर्षी त्याच नावाचं लेबलही निघालं. पहिली तबकडी 'एक्स-101'ची, म्हणजे डेट्रॉइटच्या माइक बँक्स, जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड यांची. पुढे मिल्सची 'वेव्हफॉर्म ट्रान्समिशन' 1992 मध्ये, हूडची 'इंटर्नल एम्पायर' 1994 मध्ये, डेट्रॉइटच्याच ड्रेक्सिया या जोडीची 'नेपच्यून्स लेअर' 1999 मध्ये. क्लब 2005 मध्ये बंद पडला, 2007 मध्ये कोपेनिकर रस्त्यावरच्या जुन्या वीजघरात पुन्हा सुरू झाला, आणि जुने लॉकरही तिकडे गेले.

आपल्याकडे सरकारकडे पैसा नसला की वर्तमानपत्रं लिहितात 'तिजोरीत खडखडाट'. बर्लिनमध्ये तिजोरीत खडखडाट झाला आणि त्यावर एक अख्खं लेबल चाललं.

आता 'तिजोरी' हा मराठी शब्द आला कुठून? बहुतेक जण बिनधास्त सांगतात: इंग्रजी 'ट्रेझरी'वरून. शाळेत शिकवतात, कोशांतून उतरवून घेतात, पुन्हा शिकवतात. मला हे अजिबात पटत नाही. 'ट्रेझरी' मराठीत आलेला आहेच, आणि तो 'ट्रेझरी' म्हणूनच आला आहे. कोणत्याही निवृत्त शिक्षकाला विचारा, त्यांचं बिल 'ट्रेझरीत अडकलेलं' असतं. पाटीवर 'कोषागार' लिहिलं तरी तोंडी ट्रेझरीच. एकच शब्द एकाच दारातून दोनदा, दोन वेगळे मुखवटे घालून कशाला येईल?

वर्णांकडे बघा. इंग्रजीच्या 'ट'चा मराठीत 'ट' होतो: टेबल, टाय, टीचर, ट्रंक. 'त' होत नाही. जोडाक्षरातला 'र'ही गळत नाही. ट्रामची कुणी ताम केली नाही. पोर्तुगीजांचा 'त' मात्र दंत्य, आपल्यासारखा. आणि त्यांचा शब्द आहे 'तेझोरु', लेखनात तेसौरो, अर्थ खजिना. खजिन्याचं दफ्तर ते 'तेझोरारिया'. त्यात 'त्र' नाहीच, मधला 'ओ' जागच्या जागी आहे, 'झ'चा 'ज' व्हायला एक पिढीही लागत नाही. 'रारिया'तले दोन 'र' एकमेकांत मिसळून गेले, नाककट्याचा नकटा होतो तसे. तेझोरारिया, तेजोरारी, तिजोरी. यात ओढाताण कुठे आहे ते दाखवा.

'तिकीट'चं काय, असं लगेच विचारलं जातं. इंग्रजी 'टिकट', तरी मराठीत 'त'. बरं, आहे. पण एक तिकीट दाखवून तिजोरी उघडत नाही. माझ्या बाजूचे साक्षीदार बघा. चावी पोर्तुगीज, 'शाव्ही'वरून. बिजागरी पोर्तुगीज, 'बिझाग्रा'वरून. तुरुंग पोर्तुगीज, 'त्रोंकु'वरून. जे बंद करायचं, जे कुलपाआड ठेवायचं, त्याचा सगळा सरंजाम आपण गोव्या-वसईकडून उचलला. दाराची बिजागरी त्यांची, दाराची चावी त्यांची, आणि दार तेवढं इंग्रजांचं? शिवाय गरज कुणाला होती? मराठी राज्यात पैसा ठेवायला 'खजिना' होता, उंची वस्त्रं आणि जवाहीर ठेवायला 'जामदारखाना', रोकड सांभाळायला पोतनीस आणि पोतदार. संस्था होत्या, त्यांना शब्द होते. नवी होती ती वस्तू, लोखंडी पेटी. आणि नवी वस्तू नाव घेऊनच उतरते. ती किनाऱ्यावर उतरली असं माझं मत आहे. (सावधान: पोर्तुगीजात 'तेझोरा' म्हणजे कात्री. शेवटचा एक स्वर बदलला की खजिन्याची कात्री होते. तिचा उगम वेगळा, केस कापणाऱ्या न्हाव्याच्या लॅटिन शब्दाशी.)

आणि समजा माझं चुकीचं, इंग्रजीवाल्यांचं खरं, तरी शेवट एकच. जर्मन ट्रेझोर, फ्रेंच त्रेझोर, इंग्रजी ट्रेझर-ट्रेझरी, पोर्तुगीज तेझोरु, हे सगळे लॅटिन 'थेसाउरुस'चे आणि तो ग्रीक 'थेसाउरोस'चा. आता थेसाउरुस हा शब्द तुम्ही रोज ऐकता. थिसॉरस! रोजेटने 1852 मध्ये आपल्या समानार्थी शब्दसंग्रहाला ते नाव दिलं. त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून युरोपातले पंडित आपल्या जाडजूड शब्दकोशांना थेसाउरुस म्हणत होते. धन ठेवायची जागा ती शब्द ठेवायची जागा. आणि आपण काय म्हणतो? कोश! राजाचा तो कोश, अमरसिंहाचा तोही कोश. कोषागारात पैसे, शब्दकोशात शब्द. ग्रीकांनी आपलं उचललं नाही, आपण त्यांचं नाही. दोन भाषांना स्वतंत्रपणे तीच गोष्ट सुचली. बर्लिनच्या त्या लेबलचं नाव, मुंबईच्या सराफाची तिजोरी आणि माझ्या टेबलावरचा कोश, तिन्ही एकाच दोऱ्यात.

काही जुने अभ्यासक 'थेसाउरोस'ची सुरुवात ग्रीक 'ठेवणे' या अर्थाच्या धातूशी जोडत. तो धातू संस्कृत 'धा'चा भाऊ, आणि नि + धा = निधी. खजिना पुन्हा हाती! नव्या व्युत्पत्तिकारांना हे मान्य नाही. ते म्हणतात शब्द ग्रीकांच्याही आधीच्या कुठल्या तरी भाषेतला. 'कुठल्या तरी भाषेतला' ही व्युत्पत्ती झाली का? असो. आपलं 'ठेव' आणि 'ठेवणे' मात्र यात ओढू नका, मोह होईल, पण ते 'स्था'चं पोर आहे.

हां, तुमचं लिखाण. 'ट्रेझोर' लिहा. 'ट्रेझोर लेबलने नवी तबकडी काढली', 'चार ट्रॅकचा ईपी निघाला' असं लिहा. (ईपी म्हणजे अल्बमपेक्षा लहान तबकडी.) ड्रेक्सियाच्या जुन्या तबकड्या त्यांनी अलीकडे परत बाजारात आणल्या, त्यासाठी 'पुनर्प्रदर्शित' दिसलं तर खोडा, 'पुन्हा काढल्या' पुरेसं आहे. तबकडीच्या मधल्या गोल कागदाला लेबल आणि ती काढणाऱ्यालाही लेबल, यात गोंधळ होत असेल तर कागदाला 'चिठ्ठी' म्हणा. छापील चिठ्ठीविना आलेली चाचणीची प्रत टेक्नोवाल्यांत 'व्हाइट लेबल' म्हणून फिरते, तिला 'कोरी चिठ्ठी' म्हणता येईल.

आणि वसई पडण्यापूर्वीच्या, म्हणजे 1739 आधीच्या, एखाद्या मराठी किंवा कोंकणी कागदात कुणाला 'तिजोरी' सापडली असेल तर ओळ आणि साल तेवढं कळवा. ट्रेझरीवाल्यांशी माझी जुनी थकबाकी आहे.