आडसालीपेक्षा लांबचं पीक

"आडसाली लावणसुद्धा 18 महिन्यांत तोडीला येते हो मॅडम. हिचं पीक कधी यायचं?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आण्णांनी विचारलं. करवीर तालुक्यातले ऊसकरी. शेजारी लेक, वय 24, एमबीबीएसची इंटर्नशिप संपत आलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) शिकण्यातच वय गेलं तर, हा प्रश्न घेऊन डॉक्टर पोरांचे पालक माझ्याकडे नेहमी येतात. मुलींचे जास्त.

हिला मुलांच्या मेंदूविकारांची डॉक्टर व्हायचं होतं, त्यातही न्यूरोइम्युनॉलॉजीची. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या मेंदूवर उलटते, ते आजार. वॉर्डात तिनं एक मुलगी पाहिली होती. आधी असंबद्ध बडबड, झोप उडालेली, मग फिट, शेवटी बोलणंच बंद. घरच्यांनी देवऋषी गाठला होता. पाठीतलं पाणी तपासल्यावर एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या एका प्रथिनावर उलटलेल्या, अँटीबॉडीज सापडल्या. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाउ यांच्या गटानं हे दुखणं ओळखलं ते 2007 मध्ये. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन दिलं. काही महिन्यांनी पोरगी चालत तपासणीला आली.

"2007 च्या आधी अशी पोरं कुठं जायची, मॅडम?" लेकीनं विचारलं. मी काय बोलणार!

मी कागद ओढला. एमडी बालरोग 3 वर्षं, त्यापुढची मेंदूविकारांची पदवी डीएम 3, वर एखाद-दोन वर्षांची फेलोशिप. प्रवेशपरीक्षांत एखादं वर्ष जातंच. "म्हणजे तेहतीस," आण्णा म्हणाले.

लग्नाची घाई झालेला बाप, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. चुकलेच. "सोसायटीचं कर्ज अजून अंगावर हाय. तवर हिला पोसू कसं?" निवासी डॉक्टरांना एमडी, डीएम करताना दरमहा विद्यावेतन मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लेकीनंही नाही. तिला वाटलं, ठाऊक असेल.

शिवाय आज ठरवायचं ते फक्त बालरोग. डीएमच्या जागा देशभरात मोजक्या, पहिल्या खेपेला नंबर लागेलच असं नाही. पण एमडी झाल्यावर राजारामपुरीत बालरोगतज्ज्ञ म्हणून पाटी लावता येते. न्यूरोइम्युनॉलॉजी तर डीएमच्याही पुढचं. लेकीला हे फारसं रुचलं नाही. मीही ताणलं नाही.

आण्णांनी कागदाची घडी खिशात घातली. जिन्यातून आवाज आला, "किती मिळत्यात गं महिन्याला?"