ऑक्सिजन भरपूर, तरी मासे वर का येतात?

सर, मी इंदिरानगरला राहतो. तीन फुटी प्लांटेड टँक (पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी) केलाय, दोन महिन्यांपूर्वी झाडांसाठी सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर लावला, टायमरवर सकाळी नऊ ते पाच. झाडं मस्त वाढतायत, दुपारी पानांवरून बुडबुडे सुटतात. पण चार वाजले की सगळे टेट्रा वर येऊन तोंड उघडबंद करत बसतात. परवा एक एंजल गेला. दुकानदार म्हणतो ऑक्सिजन कमी पडतोय, एअरपंप लावा. पण झाडं ऑक्सिजनच सोडतायत ना?

आधी सिलिंडरचा नॉब बंद करून या, मग पुढचं वाचा.

तुमची शंका बरोबर आहे. पानांवरून बुडबुडे सुटतायत म्हणजे पाणी ऑक्सिजनने काठोकाठ भरलंय, आणखी मावत नाही म्हणून तो बुडबुड्यांनी बाहेर पडतोय. दुकानदाराचं औषध बरोबर पण रोग चुकला. एअरपंपने फरक पडेल, पण तो ऑक्सिजन आत घालतो म्हणून नाही, पाणी घुसळून सीओटू बाहेर हाकलतो म्हणून.

आता मूळ भानगड. आपल्या रक्तात सीओटूचा दाब साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, माशाच्या रक्तात फक्त २ ते ४. एवढा फरक का, तर पाण्यात ऑक्सिजन हवेच्या मानाने तीसेक पटीने कमी, त्यामुळे तेवढा मिळवायला माशाला कल्ल्यांवरून सारखं भरपूर पाणी न्यावं लागतं, आणि सीओटू पाण्यात इतका पटकन विरघळतो की त्या पाण्याबरोबर तो आपोआप धुवून जातो. म्हणजे सीओटू बाहेर टाकायला माशाला वेगळी मेहनतच नाही, बाहेरचं पाणी स्वच्छ असेल तर. उघड्यावरच्या स्वच्छ पाण्यात सीओटू लिटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलीग्रॅम असतो. आणि आपण प्लांटेडवाले लोक झाडांसाठी किती ठेवतो, तर तीस! पन्नास पट. मग कल्ल्यातला उतार उलटतो, आणि माशाने कितीही धापा टाकल्या तरी पाण्यात जेवढा दाब आहे त्याच्याखाली रक्तातला दाब जाऊच शकत नाही. आपण बंद खोलीतून उठून गॅलरीत येतो, त्याला गॅलरी कुठली?

सीओटू रक्तात विरघळला की आम्ल होतं, आणि रक्त आम्ल झालं की बऱ्याच माशांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरायलाच तयार होत नाही. म्हणून भरल्या पाण्यात मासा उपाशी. ताट वाढलेलं आहे पण हात बांधलेत, असं समजा.

मग मासे यातून तरतात कसे? माझ्या मते माशाच्या शरीरातली सगळ्यात हुशार सोय हीच आहे. आपल्याला अ‍ॅसिडिटी झाली की आपण चिमूटभर सोडा घेतो, मासा तोच सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, आपल्या रक्तात साठवायला लागतो. कल्ल्यांमध्ये क्षारांची ने-आण करणाऱ्या खास पेशी असतात, त्या रक्तातलं क्लोराईड बाहेर देतात आणि बदल्यात बायकार्बोनेट आत ठेवतात, आम्लाचे कण बाहेर ढकलून सोडियम आत घेतात. हळूहळू पीएच परत जागेवर येतो. सीओटू तसाच वाढलेला असतो हां, फक्त त्याचं आम्लपण मारलेलं असतं, आणि रक्तातलं क्लोराईड तेवढं कमी झालेलं असतं. फुकट काहीच नाही.

पण या सगळ्याला वेळ लागतो, साधारण एक ते तीन दिवस. पाणी मऊ असेल, म्हणजे क्षार कमी असतील, तर आणखी जास्त, कारण अदलाबदलीला मालच कमी. आणि तुमचा टायमर काय करतो? नऊला सुरू, पाचला बंद. मासा बिचारा दिवसभर सोडा जमवत येतो, निम्म्यावर पोचतो, तोवर गॅस बंद, रात्री सगळं उलटं, सकाळी परत पहिल्यापासून. पुष्कळ टँकमध्ये हे व्यवस्थित चालतं, कारण चढ-उतार मासा सोसेल एवढाच असतो. तुमच्याकडे चारपर्यंत पाणी सोसण्यापलीकडे जातंय, बस.

तर असं करा. बबल काउंट (सेकंदाला सुटणारे गॅसचे बुडबुडे) निम्म्यावर आणा आणि आठवडाभर थांबून मगच थोडाथोडा वाढवा. गॅस सुरू करायचा लाइट लागायच्या तास-दीड तास आधी, आणि लाइट बंद व्हायच्या तासभर आधी बंद. फिल्टरचं तोंड वर करा म्हणजे पृष्ठभाग हलता राहील, त्यात थोडा गॅस वाया जातो, जाऊ द्या, सिलिंडर एंजलपेक्षा स्वस्त आहे. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणारी छोटी कुपी) घ्या पण त्यात टँकचं पाणी भरू नका, ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप) तयार द्रावण भरा. हिरवा ठीक, पिवळा म्हणजे जास्त. तो दोन तास उशिरा रंग बदलतो हे विसरू नका, म्हणजे चार वाजता दिसणारा हिरवा हा दोनचा हिरवा असतो! केएच आणि पीएच मोजता येत असेल तर केएच ४ आणि पीएच ६.६ म्हणजे साधारण तीस मिलीग्रॅम, त्याच्या पुढे जाऊ नका.

नमस्कार सर, निफाडकडचा शेतकरी. द्राक्षासाठी शेततळं आहे, त्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडायला आणली, पिशव्यांत ऑक्सिजन भरून दिली होती, सहा तासांचा प्रवास. पिशव्या उघडून तळ्यात तरंगत ठेवल्या, कुणीतरी सांगितलं होतं अर्धा तास तसं ठेवा. अर्ध्या तासात निम्मी उलटी झाली. प्रवासात ठणठणीत होती हो!

वाईट वाटलं वाचून. पिशव्या तरंगत ठेवणं बरोबर, पण उघडून नाही, बंद ठेवून.

बंद पिशवीत सहा तास मासे श्वास सोडत होते, ऑक्सिजन वर भरलेला होता म्हणून जगले, पण सीओटू कुठेच जात नव्हता, म्हणून पाणी आम्ल होत गेलं. त्याच पाण्यात त्यांची घाण म्हणजे अमोनियाही साठला. आता गंमत बघा, आम्ल पाण्यात अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तो तेवढा विषारी नसतो. म्हणजे त्या सीओटूनेच बोटुकलीला अमोनियापासून वाचवलं होतं. तुम्ही पिशवीचं तोंड सोडलं, सीओटू भसाभसा उडाला, पीएच वर चढला, आणि तोच अमोनिया विषारी झाला. अर्धा तास त्या विषात. पोचेपर्यंत ठणठणीत असण्याचं आणि पोचल्यावर मरण्याचं कारण हे.

पुढच्या वेळी पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं तळ्यात तरंगवा, फक्त तापमान जुळायला. मग उघडा, तळ्याचं पाणी दोन-चार तांबे आत घाला आणि लगेच सोडून द्या, पिशवीतलं घाण पाणी शक्यतो बाहेरच ओता. सोडताना वेळ सकाळी आठ-नऊची धरा. भर दुपारी हिरव्यागार तळ्यात शेवाळाने सगळा सीओटू खाल्लेला असतो, पीएच नऊच्याही वर गेलेला सापडतो, आणि पहाटे त्याच्या उलट, रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही श्वास घेतात, त्यामुळे सीओटू सगळ्यात जास्त आणि ऑक्सिजन सगळ्यात कमी. पहाटे मोठे मासे वर येत असतील तर एरिएटर रात्री चालवा, दिवसा नाही. चुन्याची निवळी टाकली की सीओटू मरतो हे खरंय, लिटरमागे १ मिलीग्रॅम सीओटूला ०.८४ मिलीग्रॅम विरी गेलेला चुना लागतो, पण तळ्यात अमोनिया असेल तर वरचीच पिशवीची गोष्ट सगळ्या तळ्यात होईल. मोजल्याशिवाय टाकू नका.

गंगेवर (आपल्या गोदावरीवर) पाणवेली एवढ्या माजतात, त्याच्याखाली मासे जगतात तरी कसे? – एक पंचवटीकर

सगळे नाही जगत. पाणवेलीची चादर पसरली की हवा आणि पाणी यांचा संबंध तुटतो, खाली कुजणं चालू, म्हणजे ऑक्सिजन गेला आणि सीओटू साठला. तिथे टिकतात मरळ, शिंगी, मागूर असले, जे वर येऊन हवेचा घोट घेतात. पण लक्षात घ्या, हवेच्या घोटाने ऑक्सिजन मिळतो, सीओटू मात्र बराचसा कल्ल्या-कातडीतून पाण्यातच सोडावा लागतो. त्यांच्या रक्तात तो मुळातच जास्त असतो, आणि त्याची त्यांना सवय आहे.

घुशी बिळात कशा गुदमरत नाहीत? आणि माणूस विहिरीत का गुदमरतो? – सिन्नर

बिळात राहणाऱ्या प्राण्यांचं रक्त आम्ल जास्त पचवतं, आणि सीओटू वाढला तरी त्यांना आपल्याएवढी धाप लागत नाही. या बाबतीत कळस म्हणजे पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल रॅट (बिळात राहणारा, अंगावर केस नसलेला उंदरासारखा प्राणी), त्याला आम्लाची आग जाणवतच नाही, आणि २०१७ च्या एका प्रयोगात तो ऑक्सिजन अजिबात नसताना १८ मिनिटं तगला. मधमाशा वेगळंच करतात, पोळ्यात सीओटू वाढला की दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात.

माणसाकडे यातलं काहीच नाही. सीओटू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे खड्ड्यात, जुन्या विहिरीत, वाइनच्या टाकीत तळाशी बसतो, हवेत दहा टक्के झाला तर माणूस बेशुद्ध होतो. १९८६ साली कॅमेरूनमध्ये न्योस तळ्यातून हा वायू एकदम उसळला आणि दरीत उतरून सुमारे १७०० माणसं मेली. आमचे आजोबा विहिरीत आधी कंदील सोडायचे, विझला की उतरायचं नाही. पण जळत राहिला म्हणून उतरायचं असंही नाही, दुसरे विषारी वायू कंदिलाला कळत नाहीत. आणि आत पडलेल्याला काढायला मागोमाग उडी मारू नका, बहुतेक वेळा दुसरा असाच जातो.

सर, मी सातवीत आहे. आमचे सर म्हणाले समुद्रात कार्बन डायऑक्साइड वाढतोय म्हणून मासे वेडे होणार. खरं का? – कॉलेज रोड

बेटा, तुझ्या सरांनी जे वाचलं ते खरंच छापून आलं होतं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात आम्ल पाण्यात वाढलेल्या क्लाउनफिशच्या पिल्लांना वासावरून घर ओळखता येईना असं दिसलं, आणि त्याचा खूप गाजावाजा झाला. मग २०२० मध्ये दुसऱ्या टीमने प्रवाळातल्या सहा जातींचे नऊशेहून जास्त मासे घेऊन तेच प्रयोग परत केले, आणि तसं काही दिसलं नाही. मला विचारशील तर मी या दुसऱ्यांच्या बाजूला झुकतो.

समुद्राचा पीएच कारखान्यांच्या आधी ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ आहे. ऐकायला किरकोळ वाटतं पण आम्लता पाव हिश्श्याहून जास्त वाढली. मोठे मासे वर सांगितलेला सोडा जमवून हे सहन करतात. खरा त्रास प्रवाळांना आणि शिंपल्या-कालवांना, कारण त्यांना चुन्याचं घर बांधायचं असतं, आणि ज्यांचे कल्ले अजून तयार झाले नाहीत अशा अंड्या-पिल्लांना.

आणि एक चमत्कारिक गोष्ट. माशांच्या कानात चुन्याचे खडे असतात, तोल सांभाळायला. सगळ्यांना वाटलं आम्ल पाण्यात ते झिजतील. कॅलिफोर्नियात व्हाइट सी-बासची पिल्लं भरपूर सीओटूत वाढवली तर खडे उलट मोठे झाले! पिल्लांनी आतल्या आत आम्ल मारायला सोडा जमवला होता ना, त्यातूनच खड्याला जास्तीचा माल मिळाला असावा.

घरी कधी ढोमी किंवा घोळ आली तर डोकं फेकू देऊ नकोस, या माशांचे खडे चांगले मोठे असतात. शिजल्यावर मेंदूच्या खाली दोन्ही बाजूंना बघ, दोन पांढरे खडे निघतील. धुवून वाळवून भिंगाखाली धर, झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात का बघ आणि किती मोजली ते मला कळव.