आरसी नावावर झाली, इन्शुरन्स मात्र जुन्या मालकाच्याच नावावर

केजकडच्या एका गाडीवाल्या भाऊंचा प्रश्न आलाय. बरीच वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरकी केली, मग जालन्याच्या एका मालकाकडून जुनी दहा टायर (दहा चाकी ट्रक) घेतली, स्वतःच चालवतात. २४ मे ला खरेदीच्या कराराची नोटरी झाली, फायनान्सची एनओसी यायला उशीर झाला म्हणून आरसीवर नाव चढलं २८ ऑगस्टला. ६ सप्टेंबरला जालन्याहून सळई घेऊन सोलापूरला निघाले आणि मांजरसुंब्याच्या घाटात गाडी पलटी झाली, एका जीपला पण लागलं, यांचा पाय मोडला. इन्शुरन्स फर्स्ट पार्टी (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारा), फेब्रुवारीपर्यंत चालू, पण जुन्या मालकाच्या नावाचा. १७ जानेवारीच्या पत्राने कंपनीने क्लेम रिजेक्ट केला, त्यालाही आता सव्वा वर्ष झालं. भाऊ विचारतात, प्रीमियम भरलेला होता, पॉलिसी चालू होती, मग पैसे का नाही?

गाव बदलून हाच प्रश्न लातूर, परभणी, गंगाखेड सगळीकडून येतो, आणि प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं, "एजंट म्हणला इन्शुरन्स गाडीबरोबरच येतो." एजंट अर्धं खरं बोलला. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ सांगतं की गाडी दुसऱ्याला गेली की पॉलिसीही त्याच्याकडे गेली असं धरायचं, आणि घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यायचं. पण हे कलम थर्ड पार्टीच्या प्रकरणातलं आहे. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी बांधलेली राहते, तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. त्यासाठी मोटार टॅरिफच्या (गाडीच्या विम्याच्या नियमावलीच्या) नियम १७ प्रमाणे घेणाऱ्याने वेगळी मागणी करायची, देणाऱ्याची संमती जोडायची, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळालेली सूट) तुम्हाला लागू नाही म्हणून तो फरक भरायचा, मग कंपनी नाव बदलते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९५ मध्येच कम्प्लीट इन्सुलेशन्सच्या निकालात सांगितलंय. तिथेही गाडी नवीन मालकाच्या नावावर झाली होती, पॉलिसी झाली नव्हती, पैसे मिळाले नाहीत. दोन-चार हजारांचा फरक वाचवायला, किंवा खरं तर आळसाने, लोक लाखोंची गाडी उघडी ठेवतात, आणि एजंटला आरटीओचे पैसे देताना याचं काय म्हणून कुणी विचारत नाही.

भाऊ, तुमची केस इथंच संपली असती. ती जिवंत आहे ती फक्त तारखांमुळे, म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून हे नीट वाचा. २८ ऑगस्टला गाडी ट्रान्सफर झाली असं धरलं तर १४ दिवस ११ सप्टेंबरला संपतात, अपघात ६ ला झालाय, म्हणजे कायद्याने दिलेली मुदत अजून हातात असताना. आणि ट्रान्सफर २४ मे ची धरली तर मुदत ७ जूनलाच संपली, मग मी काय किंवा दुसरा कुठला वकील काय, फार काही करू शकणार नाही.

आता तुम्ही क्लेम फॉर्मचा जो फोटो पाठवलाय तो मोठा करून बघा. गाडी खरेदीची तारीख या रकान्यात निळ्या पेनाने २४/०५ लिहिलंय, अक्षर तुमच्या सहीशी जुळत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी भरला आणि तुम्ही न वाचता खाली सही ठोकली. कंपनीचं अख्खं पत्र या एका आकड्यावर उभं आहे. पाय प्लास्टरमध्ये होता हे मान्य, पण वाचायला पाय लागत नाही भाऊ.

यावर उतारा तुमच्या नोटरीतच आहे. तुम्ही म्हणता दोन लाख बाकी ठेवले होते, ते एनओसी आल्यावर द्यायचे आणि टीटी फॉर्मवर (आरटीओतल्या नाव बदलाच्या अर्जावर) सह्या तेव्हाच करायच्या असं ठरलं होतं. हे नोटरीच्या कागदावर लिहिलेलं आहे की नुसतं तोंडी? लिहिलेलं असेल तर मे मध्ये फक्त ताबा आला, मालकी एनओसीवर अडकलेली होती, असं म्हणायला जागा आहे. कंपनीचा वकील १९३० चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट काढेल आणि ताबा दिला तिथंच मालकी गेली म्हणेल. त्याला आपल्याकडून सर्वोच्च न्यायालयाचा १८ जून २०२० चा, न्यू इंडिया अश्युरन्सच्या विरुद्धचा निकाल. तिथे ट्रकच होता, विक्रीचा करार आधीच झालेला, आरसी मात्र जुन्याच मालकाच्या नावाची, कंपनी म्हणाली तुम्ही गाडी विकून बसलात. कोर्टाने आरसीवर नाव आहे तोच मालक असं धरून जुन्या मालकाला क्लेम द्यायला लावला. गंमत बघा, तुमची गाडी २० ऑगस्टला पलटी झाली असती तर याच निकालावर जालन्याच्या मालकाला पैसे मागता आले असते, तुम्ही कागद पुढे नेलात आणि मधल्या खड्ड्यात पडलात. हा निकाल तुमच्या केसला जसाच्या तसा बसत नाही, पण आरसी बदलेपर्यंत मालक जुनाच, हे तत्त्व आपल्याला पाहिजे तेवढं आहे. १४ दिवसांच्या आतल्या अपघाताला स्वतःच्या नुकसानीचा क्लेम मिळायला पाहिजे हा युक्तिवाद ग्राहक आयोगापुढे करता येतो, हमखास मिळेल असं मी म्हणणार नाही.

८ सप्टेंबरला एजंटला आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता म्हणता, तो मेसेज डिलीट करू नका, मोबाईल बदलू नका. मुदतीच्या आत तुम्ही कळवलं होतं असं दाखवणारा तेवढाच कागद तुमच्याकडे आहे, त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (मोबाईलमधला पुरावा कोर्टात चालण्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडावं लागेल.

तक्रार बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा, तुम्ही राहता तिथं करता येते, जालन्याला जायची गरज नाही. एकट्याने करू नका, जुन्या मालकालाही सोबत तक्रारदार करा, निदान संमतीचं शपथपत्र घ्या, नाहीतर कंपनी तुम्हाला म्हणणार तुमचा आमचा करार नाही आणि त्याला म्हणणार तुझी गाडी नाही. धंद्याची गाडी म्हणून तुम्ही ग्राहक नाही असंही म्हणतील, त्याला फार घाबरू नका, पोटापाण्यासाठी एक गाडी स्वतः चालवणारा ग्राहकच असतो. प्रीमियम पाच लाखांच्या आत म्हणजे आयोगाची फी शून्य.

मुदत दोन वर्षं. रिजेक्शनच्या पत्रापासून मोजायची असं आपण म्हणू, पण कंपनी अपघातापासून मोजेल, म्हणून मी ६ सप्टेंबरच शेवटची धरतो, राखीपौर्णिमेच्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे. सव्वा वर्ष तुम्ही कंपनीला स्मरणपत्रं लिहीत बसलात, त्याने मुदत एक दिवस वाढत नाही. विमा लोकपालाकडे वर्षभरात जाता आलं असतं, ते दार आता बंदच समजा. आणि आयोगात लगेच निकाल लागेल असं धरू नका. कायद्यात तीन महिने लिहिलंय, ते वाचून आम्ही वकील लोक आपसात हसतो. वर्षं जातात, वर अपील झालं तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अजून वर्षं, म्हणून गाडी गॅरेजला सडवत ठेवू नका. सर्व्हेअरच्या (नुकसान मोजणाऱ्या माणसाच्या) रिपोर्टची कॉपी लेखी मागा, फोटो, बिलं, बिल्टी (मालाची पावती) आणि वजनकाट्याची पावती जपा (ओव्हरलोड होती का ते मला आधी खरं सांगा) आणि दुरुस्ती करून गाडी रोडवर आणा. मिळालेच पैसे तर सर्व्हेअरच्या आकड्याच्या आसपास मिळतील, बॉडीवाल्याच्या इस्टिमेटप्रमाणे नाही.

जीपवाल्याच्या दाव्याचं टेन्शन घेऊ नका, तिथे कलम १५७ तुमच्या बाजूने आहे, फक्त नोटीस आली की हजर व्हा आणि लायसन, परमिट, पासिंग (फिटनेस) त्या दिवशी चालू होतं का ते दाखवा. पायाचे पैसे मात्र त्या पॉलिसीतून नाहीत. पंधरा लाखांचा जो मालक-चालकाचा अपघात विमा असतो तो पॉलिसीत नाव असलेल्या मालकाचा, म्हणजे जालन्यात घरी बसलेल्या माणसाचा, आणि तोही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला. घाटातून गाडी तुम्ही आणत होता आणि विमा त्याचा होता. आता नवीन पॉलिसी तुमच्या नावाची असेल, तिच्यात हे कव्हर घातलंय का ते आजच बघा.

फायनान्सचे हप्ते थकलेत त्याबद्दल ॲग्रीमेंट बघितल्याशिवाय बोलत नाही. कॉपी पाठवा, पण पहिलं पान एकटं नको, मागची बारीक अक्षरातली सगळी पानं पाठवा, लवादाचं (वाद कोर्टाबाहेर सोडवायचं) कलम तिथंच असतं.