उल्का रेडिओवर खरंच ऐकू येतात का? पुण्यातून ते जमेल का?

ऐकू येतात. पण पुण्यातल्या गच्चीवरून फ्रान्सचं ग्रेव्हज रडार पकडायचा बेत असेल, तर अँटेनावर पैसे घालू नका.

कानावर पडतो तो उल्केचा आवाज नसतोच. ग्रेव्हज हे फ्रेंच हवाई दलाचं उपग्रहांवर नजर ठेवणारं रडार. फ्रान्समधल्या दिजाँ शहराजवळून ते १४३.०५० मेगाहर्ट्झवर दक्षिणेकडच्या आकाशात अखंड लहरी सोडतं. उल्का जळताना साधारण ८० ते ११० किलोमीटर उंचीवर विद्युतभारित हवेचा पट्टा मागे राहतो, त्यावर आपटून या लहरी परततात.

मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो. बाल्कनीत नैर्ऋत्येला रोखलेली छोटी यागी (एका दिशेला रोखायची अँटेना) आणि लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीचा छोटा रेडिओ रिसीव्हर), एवढंच सामान. रिसीव्हरच्या अप्पर साइडबँड मोडमध्ये (यात लहर लावलेल्या आकड्यापेक्षा जितकी वर, तितक्या उंचीचा सूर ऐकू येतो) १४३.०४९ मेगाहर्ट्झ लावलं की प्रतिध्वनी एक किलोहर्ट्झच्या आसपास वाजतो. बारकी उल्का ‘टिंग’ करते आणि संपते. मोठीचा पट्टा काही सेकंद टिकतो, वरचे वारे त्याला वेडावाकडा ओढतात, मग सूर थरथरतो, कधी एकाचे दोन होतात. अंतराळस्थानक ओळखायला सोपं: सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग, त्यामुळे डॉप्लर परिणामाने (जवळ येताना सूर चढा, दूर जाताना खालचा) सूर झरझर उतरतो. पडद्यावर तिरकी रेघ दिसते, तीही तुटक, कारण रडारचा झोत सारखा दिशा बदलतो. चंद्रावरूनही प्रतिध्वनी येतो, अडीच सेकंदांनी!

ढग असोत वा ऊन, फरक पडत नाही. १९४७ मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेला दिवसाचे उल्कावर्षाव सापडले ते रडारमुळेच. मला तर डिसेंबरच्या मिथुन राशीतल्या वर्षावापेक्षा जूनमधले हे दिवसाचे वर्षावच जास्त आवडतात. डोळ्यांना ते जवळपास दिसतच नाहीत.

आता पुणं. उल्केच्या पट्ट्यावरून लहर जमिनीवर फार तर दोन-सव्वादोन हजार किलोमीटर पल्ला गाठते. दिजाँ तुमच्यापासून साडेसहा हजारांहून लांब. तेव्हा इंटरनेटवर युरोपातले रिसीव्हर ऐका, तेही आपल्याकडे सकाळी आठ-नऊच्या सुमारास. तिथे तेव्हा पहाट असते, आणि पहाटेची बाजू पृथ्वीच्या प्रवासाच्या दिशेला असल्याने उल्का जास्त आदळतात.

डोंगल आधीच घेतलं असेल तर १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएम लावा. अंतराळस्थानकाचं हॅम रेडिओ (हौशी रेडिओ) प्रसारण कधीकधी तिथे थेट मिळतं. मात्र ते डोक्यावरून जातं तेव्हाच, फार तर दहा मिनिटं.