कंपवात, लकवा की नुसतं 'हात कापतो'?

सोलापुरातल्याच एका वाचकाची विचारणा आहे. वडिलांना पार्किन्सन असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आई त्याला 'कंपवात' म्हणते, शेजारी 'लकवा' म्हणतात आणि आजी 'हात कापतो' एवढंच म्हणते. यातला बरोबर शब्द कोणता? आणि कापणे म्हणजे चिरणे, मग हात कसा कापेल?

आधी आजींचं. त्या अगदी बरोबर बोलतात. मराठीत कापणे दोन आहेत. भाजी कापतो ते प्राकृत 'कप्प'वरून आलं, थंडीनं कापतो ते संस्कृत 'कंप'वरून. भूकंपातला कंप तोच. जुन्या लेखनात या दुसऱ्याच्या डोक्यावर अनुस्वार असे, 'कांपणें', त्यामुळे फरक डोळ्यांना दिसायचा. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोघे जुळे भाऊ दिसू लागले. कापरं भरणं, कापरा आवाज, हे सगळं कंपाचंच गोत.

लकवा मात्र सोडून द्या. मूळ अरबी शब्द तोंड वाकडं होण्याच्या दुखण्याचा, मराठीत तो अर्धांगवायूला चिकटला. अर्धांगवायू झटक्यात येतो, बहुतेकदा मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यामुळे किंवा रक्तस्राव झाल्यामुळे, आणि अंगातली ताकद जाते. पार्किन्सन वर्षानुवर्षं हळूहळू चढतो आणि ताकद बरीचशी शाबूत राहते. पण शेजाऱ्यांना हसू नका. लंडनच्या जेम्स पार्किन्सननं 1817 साली या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा त्यानंही नाव दिलं 'शेकिंग पाल्सी', म्हणजे थरथरता लकवाच! रुग्ण सहा, त्यातले काही तर नुसते रस्त्यात दिसलेले. पुढे पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी हरकत घेतली: यांची ताकद गेलेली नाही, कंपही प्रत्येकाला नसतो, मग हे नाव कसलं? आजाराला पार्किन्सनचं नाव त्यांनीच दिलं. डॉक्टरांनी केलेली ही शब्दचर्चाच म्हणायची.

आता कंपवात. यातला वात पोटातला नव्हे. आयुर्वेदात शरीराची सगळी हालचाल वाताकडे सोपवलेली आहे. हालचाल बिघडली म्हणजे वात बिघडला, इतका सरळ हिशेब. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत 'वणुकुडु' ऐकाल, कन्नड बोलणारे 'नडुक' म्हणतील. आपल्या गावच्या तिन्ही भाषांनी थरथरच तेवढी पकडली. माझी तक्रार इथेच आहे.

आमच्या गल्लीत एक अक्का विड्या वळायच्या. काम संपवून हात मांडीवर ठेवून बसल्या की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची. आम्हाला वाटे, जन्मभराची सवय, बोटं रिकामी राहत नाहीत. डॉक्टर लोक या कंपाला गोळी वळल्यासारखा कंप म्हणतात. पूर्वी औषधवाले हातानं गोळ्या वळत, त्यावरून. सोलापुरात गोळी कशाला, विडीच म्हणा की. गंमत अशी, की पान हातात घेतलं की बोटं शांत. हा विसाव्यातला कंप, कामाला लागल्यावर तो कमी होतो. पण त्याच्याही आधी वर्षभर अक्कांची विड्यांची पुडकी घटत चालली होती. पान कातरायला वेळ, दोरा गुंडाळताना बोटं अडायची. त्यावरून त्यांनी घरात बोलणी खाल्ली, आळशीपणा म्हणून. थरथरीला तीन भाषांत नाव होतं, त्या मंदपणाला एकाही भाषेत नव्हतं.

आणि आजाराचा गाभा हा मंदपणाच. मध्यमेंदूत एक काळपट पट्टा असतो, त्याचं लॅटिन नावच 'सबस्टॅन्शिया नायग्रा', काळा पदार्थ. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन तयार करून मेंदूच्या आतल्या केंद्रांना पोचवतात. कोणती हालचाल सुरू करायची आणि कोणती रोखायची, याचा निवाडा तिथे होतो. पार्किन्सनमध्ये या पेशींत आल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साठतात, पेशी मरत जातात, पट्टा फिका पडतो. हाताला काही जाणवेपर्यंत साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात. यंत्रमागावर मोटार फिरतेय पण पट्टा घसरतोय, तसं काहीसं. स्नायू धड, नसा धड, पण हालचाल सुरूच होत नाही, झाली तर तोकडी: पाऊल आखूड, आवाज दबका, चेहरा कोरा, अक्षर बारीक.

(हंटिंग्टन या मेंदूच्याच दुसऱ्या आजारात नेमकं उलटं. तिथे रोखणाऱ्या पेशी आधी जातात आणि अंग नको तेव्हा हलत राहतं. त्या हालचालींचं नाव 'कोरिया', ग्रीक भाषेत नाच.)

तेव्हा बोलताना कंपवात खुशाल म्हणा, शब्द रुळलेला आहे. पण डॉक्टरांसमोर 'हात कापतो'वर थांबू नका, 'हात चालत नाही' हेही सांगा. आपल्याच बोलीतलं आहे आणि आजाराच्या जास्त जवळ जातं. सदऱ्याची बटणं लावायला किती वेळ लागतो, तेही सांगा.

अक्कांना डॉक्टरांनी कागदावर सही करायला लावली होती. तेलुगूतली सही. पहिलं अक्षर ठसठशीत, शेवटचं मुंगीएवढं.