पोरं नाशकात ठेवून कुवेतला निघालीस?
अगं, घाबरू नकोस, पण घाईही करू नकोस. 'व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे बदलून घेऊ' असं एजंट म्हणाला, तर सरळ नाही म्हण. घरकामासाठी ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे तिकडे कामाला जायच्या आधी सरकारची परवानगी लागते त्या पासपोर्टवर, जायला वय 30 पूर्ण हवं आणि जाण्याची सगळी प्रक्रिया सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरूनच व्हायला हवी. करार, विमा, पासपोर्ट, सगळ्यांच्या झेरॉक्स सासूबाईंकडे ठेव.

आता पोरांचं. कुवेत अडीच तास मागे. तिकडची रात्रीची भांडी आवरेपर्यंत इकडे सिडकोत पोरं गाढ झोपलेली. म्हणून फोनची वेळ मॅडमशी पहिल्याच आठवड्यात बोलून घे. फोन लागला की आधी डब्यात काय होतं ते विचार, अभ्यासाचं नंतर. आणि दर महिन्याला खेळणी पाठवत बसू नकोस. नव्या सगळ्याजणी तेच करतात. पगार मात्र स्वतःच्याच खात्यात, दिराच्या नाही!